‘का’ची नोंद

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षिकेने विचारलं होतं : नुकतंच प्रोग्रामिंग शिकू लागलेल्या मुलांना व्हर्जन कंट्रोलचे रीतसर धडे द्यावेत, की गरज पडली की ती आपोआप शिकतील? आमचा विषय तत्त्वज्ञान. पण हा प्रश्न मुळात शिक्षणाचा आहे, म्हणून आम्ही इतिहास चाळून पाहिला.

1972 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली रचली. प्रोग्राममधला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि का केला, याची नोंद तिच्यात राही. यातला ‘का’ लक्षात ठेवा. पुढे 1984-85 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका विद्यापीठात डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेचा कंपायलर लिहीत होते. तिघांच्या वेळा काही जुळेनात. एकमेकांसाठी खोळंबून राहावं लागू नये म्हणून ग्रून यांनी सीव्हीएस तयार केलं. 2005 मध्ये लिनक्सच्या मंडळींची बिटकीपर फुकट वापरण्याची सोय बंद झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं.

म्हणजे बघा, दर वेळी अडचण आधी आली आणि साधन नंतर. एकट्याने पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला ब्रँच आणि मर्ज फळ्यावर शिकवून काय उपयोग? त्याला अजून अडचणच आलेली नाही.

मग धडा नकोच का? तसं नाही. आमच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आम्ही पाच वेळा टंकलिखित केलं. पाचही प्रती जपून ठेवल्या होत्या. मार्गदर्शकांनी विचारलं, “दुसऱ्या प्रतीतला हा युक्तिवाद का गाळलात?” आम्ही गप्प. काय गाळलं ते कागदावर होतं, का गाळलं ते कुठेच नव्हतं. तो युक्तिवाद पुन्हा तपासण्यात दोन महिने गेले.

गिट ‘काय’ आणि ‘केव्हा’ जपतं. एकदा नाव सांगून ठेवलं की ‘कोणी’ हेही जपतं. ‘का’ मात्र दर वेळी माणसानेच लिहायचं असतं. तिथे मुलं “बदल केला” एवढंच लिहून मोकळी होतात. आज्ञा हाताला सवयीने येतात. कारण लिहिण्याची सवय मात्र कोणीतरी लावावी लागते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : दोन मुलं पहिल्यांदा एकाच फाइलवर काम करतील, त्या दिवशी एक तास द्या. महिन्याभराने त्यांच्याच नोंदी त्यांना मोठ्याने वाचायला लावा. ज्याला स्वतःचीच नोंद कळणार नाही, त्याला धड्याची गरज वेगळी सांगावी लागणार नाही.