पाचशे पेशी

भाची बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली आणि आमच्या एरंडोलच्या घरात जीवशास्त्र आलं. कॉलेज आहेच, पण त्याआधी पाया पक्का करावा म्हणून तिनं एका परदेशी विद्यापीठाचा ओळखपर अभ्यासक्रम ऑनलाइन लावला. रात्री जेवणं उरकली की मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवायचा, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. प्राध्यापक भरधाव इंग्रजीत बोलणार आणि खाली मराठी ओळी सरकणार. त्या ओळी माणूस लिहीत नाही, यंत्र लिहितं. पहिल्याच आठवड्यात यंत्रानं आम्हाला सांगितलं, ‘वनस्पतींना तुरुंगाची भिंत असते, प्राण्यांना ती नसते.’

भाची पोट धरून हसली. मला मात्र त्या यंत्राची थोडी कीव आली, कारण त्याची चूक अगदीच निराधार नव्हती. प्राध्यापक म्हणाले होते ‘सेल वॉल’. लॅटिनमध्ये ‘सेला’ म्हणजे लहान खोली. मठातल्या साधूची खोली ती सेल, कैद्याची कोठडी ती सेल, मधमाशीच्या पोळ्यातलं घर तेही सेलच. 1665 साली रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला पोळ्यासारखे कप्पे दिसले आणि त्यानं त्यांना हा शब्द लावला. गडी हिशेबी होता. एका घन इंच बुचात असे सव्वाशे कोटींहून जास्त कप्पे भरतील, असं गणित त्यानं मांडून ठेवलंय. गंमत म्हणजे त्याला दिसल्या त्या नुसत्या भिंतीच. बूच मेलेलं, आतला रहिवासी केव्हाच गेलेला. म्हणजे जीवशास्त्राचा सर्वांत महत्त्वाचा शब्द मुळात रिकाम्या खोलीचं नाव आहे. (आमच्या घरात ‘सेल’ म्हणजे घड्याळात घालायचा. तो वेगळा आणि दुकानातला सेल आणखी वेगळा.)

हिंदीनं ही खोली ओळखली आणि ‘कोशिका’ म्हटलं. कोश म्हणजे म्यान, वेष्टण, साठवणीची जागा. कोशिका म्हणजे चिमुकला कोश. मराठीनं मात्र ‘पेशी’ हा शब्द उचलला, आणि त्यात खोली नाही, भिंत नाही, काहीच पोकळ नाही. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा. आयुर्वेदात दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाच्या आकाराचं वर्णन करतानाही हा शब्द येतो. सुश्रुतानं आपल्या ग्रंथाच्या शारीरस्थान या भागात मानवी देहातल्या पेशी मोजल्या आहेत, त्या भरल्या पाचशे. चारशे हातापायांत, सहासष्ट धडात, चौतीस मानेच्या वर. आज भाचीचा प्राध्यापक सांगतो, माणसाच्या अंगात पेशी सुमारे 37 लाख कोटी. सुश्रुताचं गणित चुकलं नव्हतं. तो आपण ज्यांना स्नायू म्हणतो ते मोजत होता.

आता इथं खरी मेख आहे. मग सुश्रुताचा ‘स्नायू’ कोणता? तो म्हणजे बांधून ठेवणारी दोरी, सांधे आवळणारा चिवट तंतू. ते त्यानं नऊशे मोजले. मराठीत येता येता दोरीचं मांस झालं आणि मांसाचा गोळा सूक्ष्मदर्शकाखाली गेला. हिंदीत मांसाचा गोळा जागेवरच राहिला, म्हणून ‘मांसपेशी’ म्हणजे आपला स्नायू. आणि ‘स्नायु’? पाठ्यपुस्तकी हिंदीत ती अजून सांधे बांधणारी दोरी, पण ‘स्नायुतंत्र’ म्हटलं की बहुतेकांना आपली मज्जासंस्था आठवते. बंगालीत तर स्नायू म्हणजे सरळ नर्व्ह. त्याला आपण मज्जातंतू म्हणतो, म्हणजे शब्दशः हाडातल्या गराचा दोरा! कोणी कोणाला हसायची सोय नाही.

हे सगळं मी कोशात शोधत बसलो नसतो. पण भाचीसारख्या पोरांचं काय होतं बघा. दहावीपर्यंत मराठी माध्यम: पेशी, केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका. अकरावीला सायन्स घेतलं की एका रात्रीत सगळं इंग्रजी. इंग्रजी डोक्यावरून गेलं की मोबाइलवर हिंदीतला सर शोधायचा. ते सर चांगलं शिकवतात, फळ्यावर चित्रं छान काढतात आणि मधेच म्हणतात, ‘पेशी सिकुड़ती है।’ पोरगी वहीत लिहिते, ‘पेशी आकुंचन पावते.’ वाक्य शुद्ध, अर्थ भलताच. 2017 पासून आपल्याकडे ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन दालन आहे, त्याआधी 2013 मध्ये एमआयटीनं जीवशास्त्राचा ओळखपर वर्ग ऑनलाइन जगाला खुला केला होता. एरंडोलच्या पोरीला आज एमआयटीचा वर्ग डाळीच्या डब्यावर मिळतो. पण ती तीन भाषांच्या तिठ्यावर उभी असते आणि त्यातल्या दोन पाट्यांवर तीच दोन नावं वेगवेगळ्या गावांसाठी लिहिलेली असतात.

म्हणून मराठी परिभाषा टाकाऊ आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. काही शब्द तर मूळ शब्दाला मागे टाकतात. ‘क्रोमोसोम’ म्हणजे नुसतं रंग पकडणारं अंग. 1888 मध्ये हा शब्द घडवणाऱ्या वाल्डेयरला तो रंग दिसला, काम ठाऊक नव्हतं. आपलं ‘गुणसूत्र’ कामच सांगतं. ‘जनुक’ कानाला जीनजवळ आणि धातूनं ‘जन्’ जवळ. ‘प्रथिन’ तर मला दागिना वाटतो. प्रोटीनच्या मुळाशी ग्रीक ‘पहिला’ आहे, प्रथिनाच्या मुळाशी आपला ‘प्रथम’. नादही तोच, अर्थही तोच. ‘लयकारिका’ ऐकून मात्र मला अजून शास्त्रीबुवा कारिका म्हणत बसलेले दिसतात. आणि ‘केंद्रक’ अस्सल संस्कृत वाटतो ना? केंद्र हा शब्द ज्योतिषाबरोबर ग्रीकांकडून आला. तिकडे ‘केंट्रॉन’ म्हणजे टोचणारं टोक, कंपासचा रुतणारा पाय.

आजी हे सगळं खाटेवरून ऐकते. एकदा पडद्यावर पेशीचं रंगीत चित्र होतं, तिनं विचारलं, “हाई काय शे?” भाचीनं सांगितलं. आजी म्हणाली, “मामा-भाचीचं एरंडाचं गुऱ्हाळ चालू आहे म्हणायचं.” उसाचं गुऱ्हाळ लावलं तर गूळ तरी निघतो.

पण एरंड आमच्या गावच्या नावातच आहे, त्यामुळे गुऱ्हाळ आणखी थोडं चालवतो. अलाहाबादच्या स्तंभावर समुद्रगुप्तानं जिंकलेल्या दक्षिणेतल्या राजांची यादी आहे, त्यात एरंडपल्लाचा दमन येतो. अभ्यासक फ्लीटनं ते एरंडपल्ल म्हणजे खानदेशातलं एरंडोल असं सुचवलं. पुढच्या अभ्यासकांनी ते उचलून श्रीकाकुळमच्या बाजूला नेलं, तिथल्या एका ताम्रपटात एरंडपल्ली आहे म्हणून. राजा गेला तर जाऊ दे. शब्दाचा आकार पटण्यासारखा आहे. पल्ली म्हणजे वस्ती, आणि बोरिवली-कणकवलीच्या शेपटात ती आजही आहे. एरंडेलाशी मात्र या ‘ओल’चं नातं जोडू नये. एरंडेल म्हणजे एरंड अधिक तेल, जसं खोबरेल, जसं करंजेल. दुकानात ‘एरंडेल तेल’ मागणारा माणूस तेल दोनदा मागत असतो.

प्रथिनांचा धडा आला त्या रात्री योगायोगानं हाच एरंड पडद्यावर आला. त्याच्या बीमध्ये रिसिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशीत शिरतं, आणि पेशी जिथं प्रथिनं घडवते त्या रायबोसोमचा एक नेमका तुकडा छाटतं, कारखाना बंद. तेल काढताना हे विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. भाचीनं परसातून एरंडाचं एक बोंड आणलं, वाळलेलं होतं, दाबताच फुटलं. वहीवर तीन बिया पडल्या. गुळगुळीत, करड्या, वर तपकिरी नक्षी, टोकाला बारीकसा फुगवटा. आजीनं चष्मा न लावताच मान वळवली, “अगं, गोचीड आहे का ते?” जन्मभर गाईंच्या कानातल्या गोचिड्या काढलेली बाई. लिनीअसनं 1753 मध्ये या झाडाला रिसिनस म्हटलं, तो लॅटिन शब्द गोचिडीचाच. रिसिन त्यातूनच निघालं.

भाचीनं बिया कागदात बांधून वर फळीवर ठेवल्या, हात धुतले आणि स्वाध्याय उघडला. इंग्रजी रकान्यात ‘मसल सेल’ भरलं. मग आपल्या वहीत, तिची जुनी सवय, समोर मराठीत लिहिलं: ‘स्नायूपेशी.’ मी ते बघत राहिलो. ही वही सुश्रुताच्या हाती लागली तर तो वाचणार, दोरी आणि मांस. हिंदीतल्या सरांच्या हाती लागली तर मज्जातंतू आणि स्नायू. तिनं मात्र पुढचा प्रश्न सुरू केला होता.