शेंदूर, गेरू आणि पत्र्याचं दार

मारुतीला फासतात तो शेंदूर आणि लोखंडी दाराला पूर्वी पहिला हात म्हणून द्यायचे ते 'रेड लेड', हे मुळात एकच, हे किती जणांना ठाऊक आहे? शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. देवळात तो तेलात कालवतात, रंगारी अळशीच्या तेलात कालवत. म्हणजे कृतीही जवळपास तीच! अळशीचं तेल आणि शिसं मिळून एक प्रकारचा साबण तयार होतो, तो लोखंडाला घट्ट चिकटतो आणि गंज रोखतो. त्यामुळे पूल, जहाजं, गोदामांची दारं, सगळीकडे हाच लाल थर. पॅरिसच्या आयफेल टॉवरवर तर जुन्या थरांतलं शिसं इतकं निघालं, की फेब्रुवारी २०२१ मध्ये रंगकामच थांबवावं लागलं.

शिसं विषारी आहे हे काही नवं ज्ञान नव्हे. १९२१ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्याविरुद्ध, म्हणजे पांढऱ्या शिशाविरुद्ध, करार केला. पण तो इमारतींच्या आतल्या रंगकामापुरता आणि रंगाऱ्यांसाठी. त्या घरात रांगणाऱ्या पोरांचा विचार त्यात नव्हता. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे नियम झाला २०१६ मध्ये, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून : दहा लाख भागांत ९० भाग, त्याहून जास्त नाही. मधली चाळीस वर्षं आपण काय काय घासून उडवलं असेल कोण जाणे.

आता 'रेड ऑक्साइड' मिळतं, ते वेगळं. ते लोखंडाचं ऑक्साइड, आपल्या गेरूचं भावंड. (आणि गंजाचंही! गंज लागू नये म्हणून गंजाचाच चुलतभाऊ लावायचा.) नुसतं ते फक्त झाकण घालतं, म्हणून त्यात झिंक क्रोमेट मिसळत आले. पण तेही कर्करोगकारक. डब्यावर झिंक फॉस्फेट लिहिलेलं असेल तर मी तो घेईन.

आमच्या मागच्या पत्र्याच्या दाराचे पापुद्रे सुटले, तेव्हा हिरव्याखाली निळा आणि तळाशी भगवट लाल निघाला. रंगारीदादा कोरडा पॉलिश पेपर काढून बसलेच होते. लाल म्हणजे शेंदूरच की नुसता गेरू, हे डोळ्यांनी कळत नाही, आणि भाची नेमकी याच उंबऱ्यावर रांगते. मी म्हटलं, "दादा, जरा थांबा." खाली प्लॅस्टिक अंथरलं, वॉटर पेपर आणला, पाणी मारत घासायला लावलं. भाचीला आत्याकडे पाठवलं. ज्योत लावून रंग जाळायचा त्यांचा बेतही रद्द केला, कारण धूर धुळीहून वाईट. दादांना हे सगळं फाजील वाटलं. "वीस वर्षं घासतोय ताई, मला काय झालं?" म्हणाले.

मी त्यांना विचारलं, घरी गेल्यावर कपडे कोण धुतं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "पोरगी."

दुसऱ्या दिवशी ते घरून जुना शर्ट घेऊन आले, आणि काम झाल्यावर तो आमच्याच मोरीत धुऊन वाळत घालून गेले.