उंदीर मारणाऱ्यांची नात

रविवारी सकाळी चिंगीला मांडीवर घेते आणि तिचे पोलादी निळे केस मुळापासून टोकापर्यंत विंचरते. कानामागे गुंता आधी होतो. तो बोटांनीच सोडवावा, कंगवा ओढला की ती कळवळते. यॉर्कशायर टेरिअर जातीच्या कुत्र्यांच्या अंगावर आतली दाट लव नसते. असतात ते माणसासारखे वाढत राहणारे रेशमी केस.

पण या रेशमाचं मूळ गिरणीत आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी इंग्लंडमधल्या यॉर्कशायर-लँकेशायरच्या कापडगिरण्यांत आले, सोबत त्यांची उंदीर मारणारी छोटी कुत्री. त्यांच्या संकरातून ही जात घडली. १८६५ साली जन्मलेला हडर्सफील्ड बेन हा तिचा मूळपुरुष मानला जातो. ब्रॅडफर्डच्या मेरी अ‍ॅन फॉस्टर यांनी त्याला प्रदर्शनांत नेलं, त्यानं बक्षिसं मिळवली. १८७१ मध्ये गाडीखाली सापडून तो गेला. अवघं ६ वर्षांचं आयुष्य! आजही वाचताना जीव हळहळतो.

श्रीमंत बायकांच्या मांडीवर ही जात नंतर आली. स्वभाव मात्र विणकरांच्या घरचाच राहिला. माझी ३ किलोची चिंगी ओट्याखाली जरा खुडबुड झाली की कान टवकारते आणि भरलेली वाटी तशीच टाकून तिकडे धावते.