बूट चावतो तेव्हा

मराठीत बूट 'चावतो' आणि उर्दूत जूता 'काटता है'. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे ही गंमत माझ्या लक्षात राहिली. दोन्ही भाषांनी दोष बुटालाच दिला. माप न घेता तो विकत आणणाऱ्याला कुणी काही बोललं नाही. दोन वर्षांपूर्वी तो आणणारा मी होतो.

आमच्या शाळेतली सातवीची एक मुलगी सुरेख धावायची. तालुक्याच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. वडील हातगाडीवर फळं विकतात आणि पोरीच्या पायात बारा महिने रबरी चप्पल. मी तिला विचारलं, "बेटा, कितवा नंबर?" ती म्हणाली, "चार, सर." तो तिच्या चपलेचा नंबर होता. श्रीरामपूरच्या बाजारातून मी चार नंबरचे बूट आणले आणि मोठं काम केल्यासारखा तिच्या हातात ठेवले. स्पर्धेच्या दिवशी ती बूट हातात धरूनच उभी. "सर, अंगठा दबतोय. तशीच धावू?"

ती अनवाणी धावली आणि तिसरी आली. 'बघा, अनवाणी पळून नंबर काढला!' म्हणून टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मीही होतो. तळव्यात रुतलेले खडे ती कोपऱ्यात बसून काढत होती, तेव्हा मात्र मला तिच्याकडे पाहवेना.

अनवाणी धावणाऱ्यांचं हे कौतुक आपल्याकडे जुनं आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष असताना त्यांनी मैदानी शर्यती पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतले होते. त्यांना ना प्रशिक्षण, ना पायात धड काही. तरीही त्यांचा वेग पाहून दोराबजी चकित झाले. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही आठवण सांगितली आहे. त्यांच्याच पुढाकारातून १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ गेला. त्यातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये सुमारे दोन तास एक्कावन्न मिनिटांत धावून एकोणिसावा आला. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षाही लांब होती.

आपल्या काळात यायचं तर नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आहे. सुरुवातीला ती अनवाणी धावायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या, कारण पतीच्या उपचारासाठी बक्षिसाचे पैसे हवे होते. त्यांच्यावर पुढे चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. या दोघींच्या जिद्दीला सलाम. पण आपण टाळ्या वाजवतो तेव्हा नेमकं कशाचं कौतुक करतो? जिद्दीचं की टंचाईचं?

यावर लोक हमखास इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं नाव घेतात. १९६० साली रोममध्ये तो अनवाणी धावला आणि त्याने सुवर्णपदक जिंकलं. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिथे मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसत नव्हते, हे मात्र गोष्टीतून गळून जातं. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला, पुन्हा सुवर्ण जिंकलं आणि रोमपेक्षा तीन मिनिटं कमी वेळ घेतला. मला यातून एवढंच कळतं की चावणाऱ्या बुटापेक्षा उघडा पाय बरा, पण बसणारा बूट असेल तर उघड्या पायाचा हट्ट कशाला?

मग बूट बसतो की नाही हे ठरवायचं कसं? नंबरावर भरवसा ठेवून चालत नाही. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच. ते माप मुळात जवाच्या दाण्याच्या लांबीवरून आलं. म्हणजे नंबर लांबी सांगतो, रुंदीबद्दल काहीच बोलत नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉकने लांबी आणि रुंदी दोन्ही मोजणारी पट्टी तयार केली, पण आपल्याकडच्या दुकानांत ती क्वचितच दिसते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं त्यात आढळलं. परदेशी मापाचा बूट रुंदीत आवळतो, म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. मग टाच सटकते आणि फोड येतात.

हे सगळं मी वाचलं, कारण पुढच्या वर्षी माझ्यावरच वेळ आली. चाळिशी ओलांडली, रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला लावलं. फजरनंतर कालव्याच्या कडेने चालता चालता मी थोडं धावू लागलो. महिन्याभरात अंगठ्याचं नख काळं पडलं. मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते आणि साधी जखमही चिघळते, हे ऐकून पोटात गोळा आला.

वजू केल्यावर फरशीवर उमटणारा ओला ठसा पाहून बूट निवडा, असं एकाने सुचवलं. ठसा पाहायला हरकत नाही. पण अमेरिकेच्या लष्करातल्या नव्या सैनिकांना तळव्याच्या आकारावरून बूट देऊन पाहिले, तर त्याने दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पायाला पहिल्या क्षणापासून आरामशीर वाटेल तो बूट घ्यावा, हाच सल्ला मला पटला.

आता मी दुकानात संध्याकाळी जातो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना घालायचे मोजे सोबत नेतो आणि दोन्ही पायांत बूट घालून उभा राहतो. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चवड्याच्या रुंद भागावर आवळायला नको आणि टाच सटकायला नको. दुकानदार हसला तरी चार पावलं धावून बघतो. 'वापरून सैल होईल' या शब्दावर विश्वास ठेवत नाही.

त्या मुलीला मी पुन्हा बोलावलं, या वेळी तिच्या वडिलांसह. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ मारली. डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला, म्हणून बूट डाव्याच्या मापाने घेतले. वडील म्हणाले, "सर, आमच्या पायाचं माप आजवर कुणी घेतलंच नव्हतं." मी त्यांचाही पाय कागदावर ठेवायला लावला.

शाळेसाठी, मशिदीच्या कमिटीतर्फे किंवा मंडळातर्फे मुलांना बूट वाटायचा विचार असेल, तर तो जरूर करा. फक्त नंबरांची यादी मागवू नका. एक दिवस आधी जा, कागद-पेन्सिल न्या आणि मुलांसमोर खाली बसा.