वर्गाबाहेरची शाळा : दिल्लीतील बालरंगभूमी आणि तिचे युरोपीय नाते

दुसऱ्या महायुद्धात, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री, जर्मन विमानांनी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री हे कारखान्यांचे शहर बेचिराख केले. युद्धानंतर शहराची फेरउभारणी झाली, तीत १९५८ साली एक नगर-नाट्यगृह बांधले गेले. त्यासाठी युगोस्लाव्हियाने लाकूड भेट म्हणून दिले आणि त्या देशाच्या राजधानीवरून नाट्यगृहाला ‘बेलग्रेड’ हे नाव मिळाले. याच नाट्यगृहाने १९६५ मध्ये नटांची एक छोटी तुकडी शहरातील शाळांकडे धाडली. हे नट नाटक दाखवून परतत नसत. एका वेळी एखाद्या वर्गापुरतीच मुले घ्यायची, त्यांना कथेतल्या पेचात ओढायचे आणि निर्णयाचा क्षण आला की खेळ थांबवून तो निर्णय मुलांवर सोपवायचा, अशी त्यांची रीत होती. नट आणि शिक्षक ही दोन्ही कामे एकाच माणसाने करायची. या उपक्रमाला ‘थिएटर इन एज्युकेशन’ असे नाव पडले आणि पुढील दशकभरात ब्रिटनमधील अनेक नगरांनी तो उचलला.

बॅरी जॉन हे रंगकर्मी मूळचे याच कॉव्हेंट्रीचे. १९६८ मध्ये ते भारतात आले, पुढे दिल्लीत स्थिरावले आणि १९७३ मध्ये त्यांनी तेथे ‘थिएटर ॲक्शन ग्रुप’ उभा केला. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने बालशिक्षणासाठी स्वतंत्र नाट्यमंडळी स्थापन केली, तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून त्यांचीच निवड झाली. ‘संस्कार रंग टोली’ या नावाने ही मंडळी आज ओळखली जाते. एका गावाहून दुसऱ्या गावी कल्पना गेली, इतका सरळ हा इतिहास असता तर तो दोन ओळींत संपला असता. परंतु दिल्लीत ही कल्पना मोकळ्या जमिनीवर उतरली नव्हती. तेथे मुलांच्या कलेची चाळीस वर्षांची मशागत आधीच झालेली होती, आणि ती बहुतांशी सत्तेच्या सावलीत झालेली होती.

व्यंगचित्रकार शंकर यांनी आपल्या साप्ताहिकातर्फे १९४९ मध्ये मुलांसाठी चित्र-लेखनस्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय झाली. हंगेरीच्या राजदूतांनी या स्पर्धेसाठी एक बाहुली भेट दिली, तिने शंकर मोहून गेले आणि त्यातूनच १९६५ चे बाहुल्यांचे संग्रहालय जन्मले, असे सांगितले जाते. मधल्या काळात, १९५७ मध्ये, त्यांनी ‘चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट’ काढला. १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या इच्छेने बालभवनाची स्थापना झाली. कोटला मार्गावरील या संस्थेत परीक्षा नाही, इयत्ता नाही. मूल मातीकाम सोडून नाचाकडे गेले आणि तेथून छोट्या आगगाडीकडे पळाले, तरी त्याला कोणी जाब विचारत नाही. मुंबईत चर्नी रोडला बालभवन आहे, त्याचे मूळ याच प्रयोगात आहे. शिक्षणखात्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने शाळेचे सर्व नियम बाजूला ठेवावेत, हा स्वतंत्र भारताच्या शैक्षणिक इतिहासातील एक गोड विरोधाभास म्हटला पाहिजे.

महाराष्ट्रातील चित्र याहून निराळे होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाणी, लोकनाट्ये आणि शिबिरे यांतून तरुणांना घडवले, ते कोणत्याही मंत्रालयाच्या अनुदानावर नव्हे. सुधा करमरकरांची ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी १९५९ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने उभी राहिली. महाराष्ट्रात अशी कामे बहुधा एखाद्या व्यक्तीच्या जिद्दीवर आणि कार्यकर्त्यांच्या पदरमोडीवर चालली. दिल्लीत मात्र संस्था आधी आली आणि माणसे मागाहून.

याला अपवाद होते आणि त्यांतील दोन महत्त्वाचे अपवाद महाराष्ट्रातूनच दिल्लीला पोचले. रेखा जैन या चाळीसच्या दशकात मुंबईत, अंधेरी येथील ‘इप्टा’च्या मध्यवर्ती पथकात होत्या. १९७९ मध्ये त्यांनी दिल्लीत ‘उमंग’ ही मुलांची नाट्यसंस्था काढली. दुसरे देवी प्रसाद. शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार-कुंभकार १९४४ पासून १९६२ पर्यंत वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात मुलांना कला शिकवीत होता. गांधीजींच्या नई तालीमेत हस्तव्यवसायाला मध्यवर्ती स्थान होते. पण सूत कातणाऱ्या हाताला रंगाचीही गरज असते, ही गोष्ट देवी प्रसादांनी तेथे कामातून पटवून दिली. १९६२ मध्ये ते लंडनला गेले आणि ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या युद्धविरोधी संघटनेचे सरचिटणीस झाले. हर्बर्ट रीड यांनी इंग्लंडमध्ये १९४३ साली, ऐन युद्धात, कलेद्वारे शिक्षणाचा विचार ग्रंथरूपाने मांडला होता. कलेच्या मार्गाने शांततेकडे जाणारी ही युरोपीय विचारधारा आणि सेवाग्रामची वाट फार दूरच्या नव्हत्या. १९८३ मध्ये देवी प्रसाद भारतात परतले आणि २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत दिल्लीत राहिले. सेवाग्रामच्या मुलांची चित्रे हा त्यांच्या आयुष्याचा खरा ठेवा होता. बालकलेचा इतिहास सांगताना शंकर आणि बालभवन यांची नावे लगेच ओठांवर येतात, देवी प्रसादांचे येत नाही, याचे कारण त्यांच्यामागे इमारत नव्हती.

१९८९ हे वर्ष मात्र इमारतीबाहेर सुरू झाले. १ जानेवारीला दिल्लीच्या सीमेपलीकडे, गाझियाबाद जिल्ह्यातील साहिबाबादच्या झंडापूर या कामगार वस्तीत ‘जन नाट्य मंच’ रस्त्यावर ‘हल्ला बोल’ हे नाटक करीत असताना त्यावर सशस्त्र हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार मारला गेला. जबर जखमी झालेले सफदर हाश्मी दुसऱ्या दिवशी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मरण पावले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि त्यांचे सहकारी त्याच जागी परत गेले आणि अर्धवट राहिलेला प्रयोग त्यांनी पूर्ण केला. सफदर हे केवळ कामगारांचे नाटककार नव्हते. त्यांनी मुलांसाठी कविता लिहिल्या, त्यांत पुस्तकांवरची कविता तर हिंदी प्रदेशात पाठच झाली. शाळा जेथे पोचत नाही तेथे नाटकाने जावे, ही त्यांची धारणा होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली.

त्याच वर्षाच्या अखेरीस मंडी हाउसजवळच्या बहावलपूर हाउसमध्ये शिक्षणनाट्याची सरकारी मंडळी कामाला लागली. दोन घटनांत कार्यकारणभाव शोधणे चुकीचे ठरेल. पण दोन्ही एकाच शहराच्या आहेत हे विसरणेही बरोबर नाही. बॅरी जॉन यांना स्वतःला विद्यालयाच्या आवाराबाहेरचे मूल परके नव्हते. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’ या १९८८ च्या चित्रपटासाठी मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांची कार्यशाळा त्यांनीच घेतली होती. त्या चित्रपटातून निर्माण झालेल्या सलाम बालक न्यासाने पुढे नवी दिल्ली रेल्वे स्थानकावरील मुलांत काम उभे केले.

नव्या मंडळीने आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी काम करायचे ठरवले. प्रौढ नट-शिक्षक शाळांमध्ये जाऊन मुलांसह प्रसंग रचू लागले. उन्हाळी कार्यशाळा आणि रविवारचा ‘संडे क्लब’ यांतून मुले स्वतः नाटक घडवू लागली. पुढे ‘जश्न-ए-बचपन’ हा बालनाट्यांचा राष्ट्रीय महोत्सव आला आणि ‘बाल संगम’मध्ये निरनिराळ्या प्रांतांतील लोककलावंतांची मुले आपली पिढीजात कला घेऊन दिल्लीत आली. हा शेवटचा भाग कॉव्हेंट्रीत असणे शक्य नव्हते. ब्रिटिश नट-शिक्षक शाळेत शिरून तिला आतून प्रश्न विचारीत होता. दिल्लीत मात्र ज्या मुलाला शाळेआधीच आपल्या घरी नाच, बाहुली किंवा ढोल मिळालेला होता, ते मूलच शहराला काही शिकवू लागले.

पुण्यात याच सुमारास युरोपशी दुसऱ्या वाटेने नाते जडले. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ रंगभूमीची पद्धत मोहन आगाशे आणि श्रीरंग गोडबोले यांनी वोल्फगांग कोलनेडर यांच्या साहाय्याने मराठीत आणली आणि १९८६ मध्ये ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ रंगमंचावर आले. राजकन्या-राक्षसांना रजा देऊन मुलांच्या रोजच्या घरातले, शाळेतले, जिन्यावरचे प्रश्न प्रौढ नटांनी मुलांच्या भूमिकांतून मांडले. पुण्याचे ग्रिप्स हे प्रेक्षकांसमोर होणारे नाटक आहे, त्याला तिकीट आहे, संहिता आहे. दिल्लीच्या शिक्षणनाट्यात संहिता बहुधा मुलांच्या तोंडून जन्मते. म्हणून पुण्याच्या प्रयोगांचा इतिहास लिहिता येतो. दिल्लीचा बराचसा भाग वर्गात घडला आणि तेथेच विरून गेला.

इतिहासाने येथे एक चमत्कारिक वळण घेतले. दिल्लीत शिक्षणनाट्य उभे राहत होते, नेमके तेव्हाच ब्रिटनमध्ये त्याचा पाया खचत होता. १९८८ च्या शिक्षणसुधारणा कायद्याने तेथील शाळांना स्वतःचा खर्च स्वतः पाहावा लागला, नगरपालिकांच्या शिक्षणखात्यांचा हात आखडला आणि विनामूल्य शाळांत जाणाऱ्या अनेक नाट्यमंडळ्या नव्वदच्या दशकात बंद पडल्या. दिल्लीची मंडळी केंद्र सरकारच्या संस्थेचे अंग असल्यामुळे टिकली. सरकारी आश्रयाबद्दल कलाक्षेत्रात नाराजीने बोलण्याची प्रथा आहे आणि ती पुष्कळदा रास्तही असते. परंतु या एका बाबतीत तरी, लोकाश्रयाच्या नावाने मुलांना वाऱ्यावर सोडण्यापेक्षा सरकारी खर्चाची ओळ बरी ठरली.

तिची किंमत अंतराच्या रूपाने द्यावी लागली. मंडी हाउसच्या परिसरात नाट्य विद्यालय, साहित्य-संगीत-ललित कलांच्या अकादमी आणि प्रेक्षागृहे एका हाकेच्या टापूत आहेत. झंडापूर तेथून वीस किलोमीटरच्या आत आहे. रविवारी मुलाला मंडी हाउसला पोचवायचे आणि परत आणायचे तर घरात एक मोकळा प्रौढ हवा, त्याला साप्ताहिक सुट्टी हवी आणि खिशात भाडे हवे. संस्थेने प्रवेशाला भिंत घातली नसली, तरी शहराच्या रचनेने ती आधीच घालून ठेवली होती. बालभवनाने वस्त्यांमध्ये बालकेंद्रे काढली आणि दक्षिण सीमेवरील मांडी गावात शाखा उघडली, ती हे ओळखूनच.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा अनिवार्य विषय असावा अशी शिफारस केली. २०२० च्या शिक्षण धोरणाने कलासंलग्न अध्यापनाचा पुरस्कार केला. वर्गाबाहेर वाढलेली गोष्ट आता वर्गात बोलावली जात आहे, आणि वर्गात आलेल्या गोष्टीला गुण द्यावे लागतात. कोटला मार्गावरील मुलाला कोणी गुण दिले नव्हते.

जन नाट्य मंच दरवर्षी १ जानेवारीला झंडापूरला जातो. थंडी कडाक्याची असते, धुके उशिरा विरते. प्रयोग सुरू होण्याआधी नटांनी रस्त्यावर जे वर्तुळ आखलेले असते, त्याच्या सर्वांत पुढच्या कडेला येऊन बसतात ती वस्तीतली मुले.