करकंडू राजाचा तळ

उन्हाळी शिबिराचं ठरवायला बसलो की आमच्या गटातली पोरं पवना, भंडारदरा अशी नावं घेतात. तळ्याकाठी तंबू हवेत आणि मागे डोंगर हवा. त्यात वावगं काही नाही. पण मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा माणूस. मला दर वेळी सांगावंसं वाटतं की डोंगर, तळं आणि मुक्काम या तिन्हींची एक फार जुनी हकिगत आपल्याच जिल्ह्यात घडलेली म्हणून लिहून ठेवलेली आहे.

मुनी कनकामर यांचं 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश काव्य साधारण अकराव्या शतकातलं. त्यात चंपा नगरीचा राजा करकंडू दक्षिणेच्या स्वारीवर निघतो आणि तेरापूरला तळ देतो. तेरापूर म्हणजे आमचं तेर. तिथला राजा शिव भेटीला येतो आणि नवल सांगतो: इथल्या डोंगरात हजार खांबांचं लेणं आहे. त्याच्या वर एक वारूळ आहे. एक हत्ती रोज तळ्यातून सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन डोंगर चढतो, वारुळाला पाणी घालतो, कमळ वाहतो आणि परत जातो.

करकंडू ऐकून गप्प बसत नाही, स्वतः डोंगर चढतो. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथाची मूर्ती निघते. पुढे लेण्यात त्याला मूर्तीवर एक गाठ दिसते आणि ती डोळ्यांना खुपते. जुना शिल्पी सांगतो, महाराज, लेणं कोरताना इथं पाण्याची शीर लागली होती, ती बुजवायला ही गाठ ठेवली आहे. राजा तरीही गाठ फोडायला लावतो. पाण्याचा लोट उसळतो आणि लेणं भरून जातं. राजाला पश्चात्ताप होतो आणि मग तो वरच्या अंगाला नवं लेणं कोरवून घेतो.

हिरालाल जैन यांनी १९३४ साली हे काव्य संपादून कारंज्याच्या जैन ग्रंथमालेत छापलं आणि त्यातलं लेणं म्हणजे धाराशिवचीच लेणी, असं दाखवून दिलं. त्याआधी, १८७५-७६च्या हंगामात, पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस पाहणीसाठी इकडे आला होता. शहरापासून आठेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या एका घळीत ही लेणी आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याचा सभामंडप सुमारे ८० फूट लांब आणि तितकाच रुंद आहे. कडेनं भिक्षूंच्या कोठड्या आहेत. घडण अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांसारखी. म्हणूनच बरेच अभ्यासक ही लेणी मुळात बौद्ध, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात. जैनांकडे ती नंतर आली. या मतावर वाद आहे. मला मात्र त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या करकंडूची ही कथा, त्याला बौद्ध आणि जैन दोन्ही परंपरा प्रत्येकबुद्ध, म्हणजे गुरूवाचून स्वतःच बोध झालेला, मानतात. डोंगर दोघांचा आणि राजाही दोघांचा.

शिल्पीचं बोलणं मी केवळ चमत्कार म्हणून सोडून देत नाही. बालाघाट हा पाणी वाटणारा डोंगर आहे. एका अंगाचं पाणी तेरणेतून मांजरेला आणि पुढे गोदावरीला मिळतं. दुसऱ्या अंगाचं भोगावती, सीना, बोरी अशा वाटांनी भीमेला जातं. माथ्यावर पाणी ठरत नाही. ते भेगांतून झिरपतं आणि खाली एखाद्या थरावर अडून कड्यातून बाहेर येतं. विहीर खणणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, शीर लागणं म्हणजे काय ते तो सांगेल. लेणं कोरणाऱ्यांना अशी शीर लागली असणार आणि ती आठवण शतकानुशतकं तोंडातोंडी टिकून कनकामरांपर्यंत पोचली असणार, असं माझं ठाम मत आहे.

मुक्कामाची रीतही इथं या काव्यापेक्षा जुनी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे तेर, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. दहा दिवसांची वाट म्हणजे वाटेत पाण्याकाठचे तितके मुक्काम आलेच. भिक्षूंचा हिशेब निराळा होता. बाकीचे महिने फिरायचं आणि पावसाळ्यात वर्षावासाला एका जागी राहायचं. लेण्यातल्या कोठड्या त्यासाठीच्या.

तळं म्हणाल, तर आपल्या भागात ते बहुतेक माणसानंच अडवलेलं असतं. नळदुर्गला बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, धरण बांधलं आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल काढला. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेल्यावर मेडोज टेलर तिथं अधिकारी म्हणून आला. तो नळदुर्गच्या किल्ल्यातच राहिला आणि आत्मचरित्रात त्यानं किल्ल्याबद्दल फार जिव्हाळ्यानं लिहिलं. पण या धरणावरचे नर-मादी धबधबे बघायचे तर पावसाळ्यातच जावं. उन्हाळ्यात जाणाऱ्यानं बांधकाम बघावं.

म्हणून यंदा मी गटापुढे वाट मांडली आहे ती अशी: पहिला दिवस तेरमध्ये, त्रिविक्रमाचं देऊळ, संत गोरोबाकाकांचं दर्शन आणि लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहन काळच्या मृण्मूर्ती. मग उन्हं कलल्यावर आणि पहाटे असं दोन टप्प्यांत लेण्यांकडे चालायचं. लेणी संरक्षित आहेत, तेव्हा तंबू लांब, परवानगी असेल तिथंच. पाणी खालूनच भरून न्यायचं. संध्याकाळी करकंडूची कथा हिंदी अनुवादातून मोठ्यानं वाचायची आणि सकाळी प्रत्येकानं घळीत ओल कुठे आहे, शेवाळ कुठे आहे, उंबर कुठल्या रेघेत वाढले आहेत हे बघून वहीत नकाशा काढायचा. शिल्पीनं सांगितलेली शीर कोणत्या अंगानं गेली असेल, यावर पोरांनी तिथंच बसून भांडावं, एवढी माझी इच्छा आहे.