इशीचे धनुष्य : एका छंदामागचा विस्मृत गुरू

१.
ऑगस्ट १९११. उत्तर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाबाहेर, एका कत्तलखान्याच्या कुंपणापाशी एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. शोकाची खूण म्हणून त्याने आपले केस जाळून आखूड केले होते. त्याची भाषा गावात कोणालाच कळेना. शेरीफने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवले. त्याचा गुन्हा काहीच नव्हता, पण दुसरी जागा सुचली नाही. आज जे हौशी तिरंदाज स्वतः लाकूड तासून धनुष्य घडवतात, कातड्याचा भाता शिवतात आणि रानात प्राण्यांच्या हालचाली न्याहाळत हिंडतात, त्यांच्या छंदाचा एक महत्त्वाचा धागा या कोठडीपर्यंत जाऊन पोचतो.

२.
हा माणूस याही जमातीचा होता. लासेन पर्वताच्या पायथ्याशी मिल क्रीक आणि डिअर क्रीक या ओढ्यांच्या दऱ्यांत हे लोक राहत. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि गोऱ्या वसाहतकारांचे लोंढे तेथे लोटले. हरणे आणि सामन मासे घटले, भूक वाढली, आणि पाठोपाठ सशस्त्र टोळ्या दऱ्यांत शिरल्या. १८६० च्या दशकातील हत्याकांडांनंतर मूठभर याही उरले. त्यांनी पुढची सुमारे चाळीस वर्षे लपून काढली. बंदुकीचा आवाज त्यांना परवडणारा नव्हता. धनुष्य मात्र मुकाट्याने काम करी.

३.
नोव्हेंबर १९०८ मध्ये जमीन मोजणाऱ्या एका तुकडीला त्यांचा तळ अचानक सापडला. त्या वेळी तेथे चारच माणसे उरली होती. तीन पळाली. एक आजारी वृद्धा मागे राहिली. ती या माणसाची आई होती. मोजणीदारांनी तिला इजा केली नाही. तथापि धनुष्ये, बाण, टोपल्या, कातड्याची पांघरुणे असे जे जे उचलता येईल ते त्यांनी आठवण म्हणून नेले. हिवाळ्याच्या तोंडावर एका कुटुंबाची सारी जगण्याची साधने गेली. आई लवकरच वारली, बहीण पुन्हा दिसली नाही. पुढची जवळजवळ तीन वर्षे तो बहुतांशी एकटाच होता.

४.
कोठडीत त्याला भेटायला मानववंशशास्त्रज्ञ टी. टी. वॉटरमन आले, ते याना भाषासमूहातील शब्दांची यादी घेऊन. एकामागून एक शब्द वाचले, तरी काही उपयोग होईना. अखेर पिवळ्या पाईनच्या लाकडाचे नाव, ‘सिविनी’, उच्चारत त्यांनी खाटेच्या चौकटीवर बोटे वाजवली. त्याचा चेहरा उजळला. दोघांमधला पहिला समजलेला शब्द एका लाकडाचा होता. स्वतःचे नाव त्याने कधीच सांगितले नाही. याही रीतीनुसार आपले नाव आपण घ्यायचे नसते, आणि ते सांगणारे दुसरे कोणी उरले नव्हते. म्हणून आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. याना भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’.

५.
इशी सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठ संग्रहालयात राहू लागला. झाडलोटीच्या कामाबद्दल त्याला महिना २५ डॉलर मिळत. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप नावाचे शल्यचिकित्सक शिकवत. ते इशीवर उपचार करायला आले आणि त्याचे शिष्य झाले. धनुष्य कसे घडवावे, हे इशी शब्दांनी फारसे सांगत नसे. तो करून दाखवी आणि पोप टिपून घेत. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘याही आर्चरी’ हा त्यांचा प्रबंध याच टिपणांतून उभा राहिला.

६.
त्या टिपणांत काय आहे? इशी पहाडी जुनिपरची फांदी निवडी. माप हाताचे आणि बोटांचे : आडव्या पसरलेल्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत लांबी, प्रत्येक बाहूच्या मध्यभागी तीन-चार बोटे रुंदी. लाकूड सावकाश वाळवायचे, मग खरवडून पातळ करायचे. टोके तापलेल्या दगडावर धरून हळूहळू पुढे वाकवायची. सालीकडचे कोवळे लाकूड धनुष्याच्या पाठीला, म्हणजे तिरंदाजापासून दूरच्या बाजूला ठेवायचे. धनुष्य ओढले की हीच बाजू ताणली जाते, आणि तुटलेच तर येथूनच तुटते.

७.
म्हणून या पाठीवर हरणाच्या कंडरांचा थर बसवायचा. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. तो चावून मऊ करायचा, त्याचे तंतू सुटे करायचे आणि सामन माशाची कातडी उकळून काढलेल्या सरसाने ते लाकडावर एकावर एक चिकटवायचे. वाळताना हे तंतू आक्रसतात आणि लाकडाला आधीच उलट्या बाजूला खेचून ठेवतात. त्यामुळे आखूड धनुष्यही न मोडता बरेच ओढता येते. इशीच्या धनुष्याचा ताण साधारण ४० ते ४५ पौंड असे. दोरीही कंडरेचीच. ती तो अंगठ्याने ओढी. युरोपातील तिरंदाज बोटांनी ओढत. अंगठ्याची रीत आशियात, मंगोलियापासून मुघलकालीन हिंदुस्थानापर्यंत, रूढ होती.

८.
भाता पाणमांजराच्या कातड्याचा, केस बाहेरच्या बाजूला आणि शेपटी तशीच लोंबती. बाणाची काठी विच हेझलची, आणि फळ ऑब्सिडियनचे, म्हणजे ज्वालामुखीतून घडलेल्या काळ्या नैसर्गिक काचेचे. हरणाच्या शिंगाच्या टोकाने कडेवर दाब देत तो तिच्या कपच्या उडवी. हात कापू नये म्हणून तळव्यात कातड्याची घडी धरलेली असे. या एका संचात हरीण चार ठिकाणी सापडते : धनुष्याच्या पाठीत, दोरीत, हत्यारात आणि तळव्यातल्या कातड्यात.

९.
म्हणूनच प्राणी ओळखणे हा या कारागिरीचाच भाग होता. शिकारीपूर्वी इशी मासे आणि तंबाखू वर्ज्य करी, ओढ्यात अंघोळ करी, कारण वास आधी पोचतो. ओठांवर बोटे ठेवून तो संकटात सापडलेल्या सशासारखा आवाज काढी. पोप यांनी याची परीक्षा घेतली : बारा वेगवेगळ्या ठिकाणी त्याला हाक घालायला सांगितले. पाच ससे आले, आणि सशाच्या आशेने एक रानमांजरही आले. मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा मुलगा त्याला घेऊन डिअर क्रीकला गेले. जायला तो नाखूश होता. जिथे आपली सारी माणसे मेली, तिथे परतायची इच्छा कोणाला होईल?

१०.
२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने वारला. शवविच्छेदन करू नये, असे क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून पत्राने कळवले होते. तरीही ते झाले. देहाबरोबर त्याचे एक धनुष्य, पाच बाण, एकोर्नच्या पिठाची टोपली, शिंपल्यांच्या मण्यांचे चलन आणि तंबाखू ठेवून दहन करण्यात आले. मेंदू मात्र काढून घेतला होता. १९१७ मध्ये तो स्मिथसोनियन संस्थेकडे रवाना झाला. ज्यांनी त्याच्यावर माया केली, त्याच वर्तुळात हे घडले.

११.
पोप यांनी तिरंदाजी सोडली नाही. मित्र आर्थर यंग यांच्यासह १९२० मध्ये त्यांनी यलोस्टोनमध्ये ग्रिझली अस्वले बाणांनी मारली, आणि पुढे आफ्रिकेत सिंहांच्या मागावर गेले. त्यांच्या हाती आता यू लाकडाची इंग्रजी घाटाची लांब धनुष्ये होती. १९२३ मधील त्यांचे ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ वाचून अमेरिकेत हजारो हौशींनी लाकूड तासायला घेतले. भुकेसाठी घडलेली विद्या आता पराक्रमासाठी वापरली जाऊ लागली.

१२.
१९६१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या एका संस्थेने ‘पोप अँड यंग क्लब’ हे नाव घेतले; त्यात इशी नव्हता. त्याच वर्षी थिओडोरा क्रोबर यांचे ‘इशी इन टू वर्ल्ड्स’ आले आणि त्याचे नाव घरोघरी पोचले. १९९६ मध्ये पुरातत्त्वज्ञ स्टीव्हन शॅकली यांनी दाखवले की त्याच्या बाणांची फळे याहींपेक्षा शेजारच्या विंटू आणि नोमलाकी लोकांच्या फळांशी अधिक जुळतात. कदाचित तो मिश्र कुळातला असावा. उद्ध्वस्त जमातींचे उरलेले लोक एकमेकांच्या आश्रयाला गेले असावेत. कागदावर न उतरलेला हा इतिहास त्याच्या हाताच्या सवयीत शिल्लक होता.

१३.
ऑगस्ट २००० मध्ये स्मिथसोनियनने इशीचा मेंदू याना लोकांच्या वंशजांकडे सोपवला. अस्थींसह तो डोंगरांत एका अज्ञात ठिकाणी पुरला गेला. त्याने घडवलेली शस्त्रे आजही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. एखादा तरुण आज कंडरेचे तंतू सरसात बुडवून धनुष्याच्या पाठीवर बसवतो, तेव्हा तो बहुधा पोप यांच्या टिपणांतूनच आलेली कृती करत असतो. ती शिकवणाऱ्याला आपल्या माणसांपैकी कोणीच शिष्य उरला नव्हता, एवढे त्या तरुणाला ठाऊक असायला हवे.